सायकल आपल्या पूर्वजांनी शोधली नाही. पण तिचा सांगाडा आपण आखू शकतो
(कर्जत–खालापूरच्या घाटातून एक दीर्घ धागा)

१/ काही महिन्यांच्या अंतराने एक छायाचित्र पुन्हा पुन्हा फिरते. तिरुचिरापल्लीजवळच्या उरैयूर येथील पंचवर्णस्वामी मंदिरातील एका शिल्पात सायकलस्वार कोरलेला दिसतो. त्याखाली मजकूर असतो : ‘दोन हजार वर्षांपूर्वी भारतात सायकल होती.’ आपल्यातील अनेक इतिहासप्रेमी मित्र तो अभिमानाने पुढे पाठवतात. हा धागा त्या अभिमानाच्या विरोधात आहे. एका दुसऱ्या अभिमानाच्या बाजूनेही आहे, परंतु तो कष्ट करून मिळवावा लागतो.

२/ प्रथम शिल्पाचा निकाल लावू. मंदिरांचे जीर्णोद्धार होतात आणि त्यात नवे दगड बसतात. हे शिल्प विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी, सायकल नवलाईची वस्तू असताना कोरले गेले असावे, असा अभ्यासकांचा खुलासा आहे. तो स्वीकारण्यास अडचण का नसावी? कारण सायकल ही कल्पना म्हणून एकटी जन्मत नाही. तिला पोलादी नळी लागते, छर्रे लागतात, तारांचे आरे लागतात, चेन लागते. हान्स रेनॉल्डची रोलर चेन १८८० ची, डनलॉपचा हवेचा टायर १८८८ चा. हे सारे उद्योग ज्या समाजात नाहीत, तेथे सायकल असूच शकत नाही.

३/ हा रोग केवळ आपलाच नव्हे. लिओनार्दो दा विंचीच्या कागदपत्रांत सायकलचे रेखाटन सापडल्याचे १९७४ मध्ये जगाला सांगण्यात आले. जर्मन अभ्यासक हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी ते नंतर कोणीतरी काढलेले बनावट चित्र असल्याचे साधार मांडले. इटलीला लिओनार्दो हवा होता, आपल्याला प्राचीन शिल्पी हवा आहे. दोन्हीकडे इच्छा आधी आणि पुरावा नंतर, हाच क्रम आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा क्रम परवडत नाही.

४/ मग खरा इतिहास कोणता? १८१७ मध्ये कार्ल फॉन द्राइस यांचे पायाने ढकलण्याचे दुचाकी यंत्र. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडल. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ : दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन. पुढच्या पाच-सात वर्षांत सांगाड्याने चौकटीचा आकार घेतला, आज आपण जो ‘डायमंड फ्रेम’ म्हणून ओळखतो. त्यानंतर धातू बदलले, जोडण्याच्या रीती बदलल्या. आकृती मात्र जवळजवळ तीच राहिली.

५/ येथे एक आक्षेप अपेक्षित आहे : ‘ती आकृती सर्वोत्तम होती म्हणून टिकली.’ अर्धे खरे. त्रिकोण सहज वाकत नाही. कमी धातूत अधिक ताठरपणा देतो. तो गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु टिकण्यामागे नियमही असतात. १ एप्रिल १९३४ पासून आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने मागे रेलून चालवायच्या सायकली अधिकृत विक्रमांतून वगळल्या. म्हणजे शर्यत संपली नव्हती, एका स्पर्धकाला मैदानाबाहेर काढले गेले होते. शिवाय माझा वाद त्रिकोणाशी नाहीच. माझा वाद त्या त्रिकोणाच्या मापांशी आहे. ती मापे कोणाच्या रस्त्यांवरून आणि कोणाच्या पायांवरून घेतली गेली?

६/ भारतात सायकल आली ती रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलीस या इंग्रजी नावांनी. पुढे देशी कारखाने उभे राहिले : मुंबईत हिंद सायकल, १९४९ मध्ये मद्रासकडे टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. या कारखान्यांनी देशाला चालते केले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्या काळ्या, उंच, दांडीच्या सायकलने हे घडले, तिचा सांगाडा इंग्रजी रोडस्टरचाच होता. आपण कारखाना स्वतंत्र केला. आराखडा मागवलेलाच राहिला.

७/ याचा पुरावा हवा असेल तर कागदपत्रे नकोत, आपल्या आईवडिलांना विचारा. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत तीन-चार पिढ्यांनी सायकल कशी शिकली? ‘कैची’ मारून. सीटवर बसून पाय पोहोचत नाहीत, म्हणून मधल्या दांडीखालून, चौकटीच्या पोटातून पाय पलीकडे घालायचा आणि अंग वाकडे करून अर्धे पायडल मारायचे. आपण ही आठवण गोड म्हणून सांगतो. ती गोड आहेच. पण सांगाड्यात आपल्यासाठी जागा नव्हती म्हणून लक्षावधी मुलांनी सांगाड्याच्या भोकातून वाट काढली, हा तिचा दुसरा अर्थ आहे. तो आपण कधी उच्चारत नाही.

८/ आता कर्जत-खालापुराकडे येऊ, कारण हा प्रश्न तेथे चढ होऊन समोर उभा राहतो. खोपोली समुद्रसपाटीपासून शंभर मीटरांच्याही खाली. लोणावळा सुमारे सव्वासहाशे मीटरांवर. मध्ये बोरघाट. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या काळात येथून गाडीरस्ता झाला. १८६३ मध्ये जेम्स बर्कलीने आखलेला रेल्वेमार्ग सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत याच घाटावर सर्वांत वेगवान चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणतात. शर्यतपटू येथे राजा होतो. आपला दूधवाला, आपला मजूर येथे सायकलवरून उतरून चालू लागतो.

९/ तो का उतरतो? अंगात बळ नाही म्हणून? हिशेब करून पाहू. माणूस, सायकल आणि थोडे ओझे मिळून ८५ किलो धरा. चढ शंभरास सहा. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारे बल सुमारे ५० न्यूटन. निरोगी कष्टकरी माणूस बराच वेळ १०० वॅट शक्ती देऊ शकतो असे माना. तर वेग येतो सेकंदाला सुमारे दोन मीटर, म्हणजे ताशी सात किलोमीटर. चालण्यापेक्षा हे अधिकच आहे. म्हणजे बळ पुरेसे आहे.

१०/ आता जुन्या रोडस्टरचे दात मोजा. पुढे ४४, मागे १८ : पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साधारण साडेपाच मीटर जाते. ताशी सात किलोमीटरला पायडल मिनिटाला फक्त २२ वेळा फिरेल. इतक्या संथ गतीने, प्रत्येक फेऱ्यात एवढा दाब देत, गुडघा फार वेळ टिकत नाही. हेच गुणोत्तर एकास एक केले तर फेरे ५४ होतात आणि तोच माणूस बसून चढू शकतो. उतरून चालणे ही त्या माणसाची कमजोरी नव्हे. सपाट मुलुखासाठी ठरवलेले गुणोत्तर आपण घाटाच्या पायथ्याशी विकले, त्याचा हा परिणाम आहे.

११/ दात बदलून प्रश्न सुटतो, मग सांगाडा कशाला आखायचा? कारण एकास एकचे गुणोत्तर बसवायला मागे गिअरची जागा लागते, मागच्या चिमट्यात रुंदी लागते. कर्जतच्या पावसात पोलादी रिमवरचा दांडीचा ब्रेक ओला झाला की धरत नाही. म्हणून डिस्क ब्रेकची बैठक सांगाड्यावरच हवी. चिखलासाठी टायर आणि मडगार्डमध्ये अंतर हवे. चढावर मागे ओझे असेल तर पुढचे चाक हलके पडते. म्हणून मागच्या चाकाचे अंतर वाढवावे लागते. आणि बसणारी व्यक्ती पाच फुटांची असेल तर मधली दांडी खाली यायला हवी. या गोष्टी बाजारातून आणून नंतर चिकटवता येत नाहीत. त्या पहिल्या रेषेपासून ठरतात.

१२/ येथे संगणक येतो. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ दाखवले. त्यातील क्रांती पडद्यावर रेषा उमटण्यात नव्हती, रेषांमधील नाती सांगता येण्यात होती. ‘ही रेषा त्या रेषेला समांतर ठेव’, ‘हे दोन बिंदू जोडलेले राहू दे’. एक माप बदलले की बाकीची आकृती नाते सांभाळून स्वतः बदलते. आज फ्रीकॅडसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. कर्जतमधील आयटीआयच्या मुलालाही ती उघडता येते. अडचण साधनाची उरलेली नाही.

१३/ अडचण पुढे आहे. अशी प्रणाली उघडून तयार सायकलचा नमुना घेतला, की त्यात आकडे आधीच भरलेले असतात : पुढच्या नळीचा कोन ७२ अंश, सीटच्या नळीचा ७३, इत्यादी. पुष्कळ जण तेथेच थांबतात, नळीचा रंग बदलतात आणि ‘मी सायकल डिझाइन केली’ म्हणतात. हे उरैयूरच्या शिल्पाचेच दुसरे रूप आहे. तेथे दुसऱ्याच्या शोधावर आपल्या पूर्वजांचे नाव घातले जाते, येथे दुसऱ्याच्या मापांवर आपले. आधीच भरलेला आकडा म्हणजे निसर्गनियम नव्हे. तो कोणाच्या तरी रस्त्याचा इतिहास आहे.

१४/ एक उदाहरण. हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला जेथे भेटते आणि चाक जमिनीला जेथे टेकते, त्यांतील अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. सायकल सरळ राहणे व वळणे त्यावर बरेच अवलंबून. जुन्या रोडस्टरचा कोन सुमारे ६७ अंश, चाकाची त्रिज्या ३५५ मिलिमीटर, चिमट्याचा पुढे झुकाव साधारण ७६. ट्रेल येतो ६८ : समजूतदार माप. आता कोणी तोच ६७ चा कोन उचलला आणि बाजारातला ४५ झुकावाचा चिमटा लावला, तर ट्रेल १०० च्या वर जातो. घाटात संथ चढताना पुढचे चाक डावी-उजवीकडे कोसळू पाहते. जुन्या कारागिरांनी कोन आणि झुकाव जोडीने ठरवले होते. अर्धी नक्कल पूर्ण अज्ञानापेक्षा घातक असते.

१५/ मग रीत कोणती? आधी माणूस, शेवटी नळ्या. प्रथम तीन बिंदू मांडावेत : सीट, हँडल, पायडलचा अक्ष. ते शरीराच्या मापांवरून येतात. मग चाके, टायर, मडगार्ड यांची जागा. मग कोन आणि ट्रेल. त्यानंतरच हे बिंदू नळ्यांनी जोडावेत. शेवटी प्रत्येक नळीच्या टोकाचा कापण्याचा नमुना कागदावर मूळ मापात छापून नळीभोवती गुंडाळावा आणि त्या रेषेवर कानस चालवावी. येथे संगणकाचे काम संपते. पुढे वेल्डरचा हात. तो कोणत्याही फाइलमध्ये येत नाही.

१६/ ‘मराठी माणसाचा आणि याचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांसाठी : लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यांत्रिक रेखाचित्रण शिकवत. १८८८ मध्ये बेळगावात सुरू झालेल्या सायकलींच्या दुकानापासून किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ मानला जातो. वंशभेदामुळे बढती नाकारली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी उभी राहिली. रेखाचित्र, सायकल आणि आपल्या जमिनीसाठी अवजार, या तीन गोष्टी एका मराठी आयुष्यात एकत्र आल्या होत्या. हा अभिमान पुराव्यानिशी आहे. तो फारसा कोणी पुढे पाठवत नाही.

१७/ आजचे उदाहरणही आहे. हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक यांनी पुण्यात ‘बांबूची’ या नावाने बांबूच्या सांगाड्याच्या सायकली हाताने घडवल्या. बांबूची सायकल ही नवी कल्पना नव्हे; १८९० च्या दशकात इंग्लंडातही ती विकली जात होती. पण बांबू आपला आहे. आणि येथेही कायद्याचा इतिहास आडवा येतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवले. वनाबाहेर लावलेल्या बांबूची या व्याख्येतून सुटका झाली ती २०१७ मध्ये. नव्वद वर्षे एका गवताला झाड म्हटले गेले आणि त्यावर पोट असणाऱ्यांना परवान्यांच्या मागे धावावे लागले.

१८/ कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे चढला. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या प्रयत्नाने नेरळहून छोटी गाडी सुरू झाली. मोटारींना तेथे बंदी, म्हणून प्रवाशांना ओढत राहिली माणसे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेस विसंगत ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि चालकांचे ई-रिक्षाद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. पंजाबच्या सायकलरिक्षाचालकांबाबतच्या १९८० च्या निकालाची त्यात आठवण होती. हातरिक्षा हाही एक सांगाडाच आहे : बसणाऱ्याचे सुख आधी आखलेले, ओढणाऱ्याच्या पाठीचा विचार आराखड्याबाहेर. सांगाडा निरपेक्ष नसतो, याचे याहून उघड उदाहरण कोणते हवे?

१९/ आणि खालापूर. तालुक्याच्या नावाने टोलनाका ओळखला जातो. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग या जमिनीवरून जातो. त्यावर सायकलला मज्जाव आहे. वेगाच्या रस्त्यावर तो नियम योग्यच. पण ज्यांची जमीन गेली त्यांच्या सायकलसाठी जुन्या घाटरस्त्यावर स्वतंत्र कडेची पट्टी का नसावी, हा प्रश्न ना शिल्पांचे छायाचित्र पाठवणारे विचारतात, ना डिझाइनच्या गप्पा मारणारे. सायकल उत्तम आखली आणि तिला रस्ताच नसला, तर ती शोभेची वस्तू होते.

२०/ एक कबुली आवश्यक आहे. प्रत्येकाला मापानुसार सांगाडा, ही आज श्रीमंतांची चैन आहे. संगणकाने रेखाटन स्वस्त केले. नळी आणि वेल्डरचा दिवस स्वस्त केला नाही. म्हणून माझी मागणी प्रत्येकासाठी वेगळ्या सायकलची नाही. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली दिल्या जातात. अशा खरेदीच्या निविदेत ‘इंच’ आणि ‘रंग’ यांबरोबर सीटची किमान उंची, गुणोत्तर आणि पावसात धरणारा ब्रेक यांचीही अट असावी. चार-पाच मापे, आपल्या मुलींच्या उंचीवरून आणि आपल्या चढांवरून ठरवलेली. यास क्रांती लागत नाही. मोजपट्टी लागते, आणि मोजण्याची इच्छा.

२१/ बोरघाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. शिंग्रोबा धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीची सायकल नाकारणारा मी ही कथा खरी मानतो का? दंतकथेला मी दंतकथा म्हणूनच वाचतो. शिल्पाचा दावा एका वस्तूविषयी आहे, तो दगड-धातूच्या पुराव्याने तपासला पाहिजे. शिंग्रोबाची कथा लोकांच्या जाणिवेचा पुरावा आहे : चढ ओळखणारा एक, नकाशावर नाव दुसऱ्याचे. ती जाणीव खरी आहे, कारण रेल्वेच्या घाटकामात हजारो मजूर मेले आणि आपण नाव घेतो ते बर्कलीचे.

२२/ आणि प्राचीन अभिमानच हवा असेल, तर राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातच, कोंढाण्याची लेणी पाहा. लाकडी इमारतीच्या तुळया आणि कमानी तेथे कातळात उतरवल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या त्या कामावर ब्राह्मीत एक छोटा लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. करणाऱ्याचे नाव आहे, गुरूचे नाव आहे. ना दैवी चमत्कार, ना जगात प्रथम असल्याची घोषणा.

२३/ तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी ते छायाचित्र आले तर पुढे पाठवू नका. गावातल्या सायकलदुरुस्तीच्या दुकानात जा. तेथे गंजत पडलेल्या जुन्या सांगाड्याचे कोन मोजा, झुकाव मोजा, दात मोजा, त्यावर बसणाऱ्या माणसाला त्याचे गुडघे कसे आहेत ते विचारा आणि लिहून ठेवा. तो तुमचा पुरातत्त्वीय पुरावा. मग संगणक उघडा आणि भरलेले आकडे पुसून पहिला बिंदू आपल्या माणसाच्या मापाचा मांडा. काम झाले की बलकाप्रमाणे त्याखाली आपले नाव लिहा, आणि ज्या मिस्त्रीकडून शिकलात त्याचेही.

२४/ धागा येथे संपतो. मतभेद अवश्य मांडावेत; मात्र पुराव्यासह.